बुरशी आढळली नाही

प्रयोगशाळेत तिला सगळे बत्तेबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, आणि पाठ वळली की ‘बत्तेबाई’. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता. एकतीस वर्षं एखादी बाई पांढऱ्या चिनीमातीच्या खलात बत्ता फिरवत असेल, तर लोक तिला दुसरं काय म्हणणार?

काम सांगायला सोपं होतं. इस्पितळातून रुग्णांचे नमुने यायचे. कुणाच्या नाकातला तुकडा, कुणाच्या फुप्फुसातला, कुणाच्या नखाखालचा. त्यात बुरशी आहे का, आणि असली तर कुठली, हे शोधायचं. शोधायला पीसीआरचं यंत्र होतं, पण त्याला बुरशीचा डीएनए हातात आणून द्यावा लागतो, आणि तो असतो पेशीच्या आत. माणसाची पेशी बिचारी साबणाच्या पाण्यानंही फुटते. बुरशीची तशी नाही. तिला कवच असतं, झिंग्याच्या पाठीसारखं चिवट. ते फुटलं नाही तर आतलं बाहेर येत नाही, आणि यंत्र सरळ छापून मोकळं होतं: बुरशी आढळली नाही.

“‘आढळली नाही’ म्हणजे ‘नाही’ असं नव्हे, बाई,” सर तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. सर म्हणजे तिथले तेव्हाचे प्रमुख. उंच, वाकलेले, खिशात कायम तीन पेनं, त्यांतली दोन वाळलेली. “आपण फोडायला कमी पडलो असू. म्हणून जे केलं आणि जे दिसलं ते सगळं वहीत लिहायचं. आवडलं नाही तरी लिहायचं.”

फोडायच्या पद्धती अनेक, आणि बाईंनी त्या सगळ्या हाताळल्या होत्या. नळीत काचेचे बारीक मणी घालून जोरजोरात हलवायचं, म्हणजे मणी आपटून आपटून कवच फुटतं. पण फार वेळ हलवलं तर नळी तापते आणि आतल्या डीएनएचाही चुरा होतो. कवच खाणारी औषधं मिळतात. ती नाजूक बुरशीला लोण्यासारखी वितळवतात आणि काळ्या, जाड बुरशीपुढे हात टेकतात. आवाजाच्या लहरी सोडणारं एक यंत्र होतं, ते चालू झालं की खोलीतल्या सगळ्यांचे दात शिवशिवायचे. आणि सगळ्यांत जुना तो खलबत्ता. खल आधी गारठवून ठेवायचा. त्यात द्रव नायट्रोजन ओतायचा. तो चरचरत, पांढऱ्या वाफा सोडत शांत झाला की तुकडा टाकायचा, आणि काचेसारखा ठिसूळ आहे तोवरच खलायचा. जरा उशीर झाला की त्याचा चिखल होतो, आणि चिखलातून काही मिळत नाही.

बाई घड्याळाकडे बघायच्या नाहीत, कानानं काम करायच्या. आधी कुरकुर, मग सरसर, मग आवाजच नाही. आवाज बंद झाल्यावर आणखी वीस फेरे. काळ्या बुरशीसाठी तर त्यांनी स्वतःच एक युक्ती शोधली होती: तुकडा तीनदा गोठवायचा, तीनदा कढत पाण्यात धरायचा, मग चिमूटभर काचेची पूड घालून खलायचा. सरांनी ती वहीत उतरवून घेतली आणि वर मथळा दिला, ‘बाईंची काळी विद्या’. खाली स्वतःची सही ठोकली. बाईंनी त्या पानाची नक्कल घरी नेऊन भावाला दाखवली होती.

भाऊ म्हणजे दादा. घराच्या पुढच्या खोलीत बसून घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची बायको गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती, बिट्टी. बाईंचं लग्न जमलं नाही असं त्या लोकांना सांगत. खरं तर दोनदा जमत आलं होतं, आणि दोन्ही वेळा पोरगी आदल्या दिवशी गळ्याला मिठी मारून अशी झोपली होती की हात सोडवता सोडवेनात. बिट्टीच्या वेण्या आत्यानं घातल्या, पाढे आत्यानं घेतले, गोवर आला तेव्हा उशाशी आत्याच बसली. आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बिट्टी प्रयोगशाळेत येऊन उंच स्टुलावर पाय हलवत बसायची. सर तिला सूक्ष्मदर्शकातून बुरशी दाखवायचे. “आत्या, ही झाडासारखी दिसते!” ती ओरडायची.

पुढे ती शिकत गेली, परदेशी जाऊन डॉक्टरेट करून आली, आणि सर निवृत्त झाले तेव्हा छत्तिसाव्या वर्षी त्यांच्याच खुर्चीत बसली. त्या दिवशी बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी बोळकांडीतून ती येताना दिसली तशी त्यांनी सगळ्यांदेखत हाक मारली, “बिट्टे!”

बिट्टी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “इथे मॅडम म्हण गं, आत्या. लोकांना वाटेल वशिल्यानं आले.”

“बरोबर आहे, मॅडम,” बाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

वर्षभरानं मण्यांचं नवं यंत्र आलं. लहानशा वॉशिंग मशीनएवढं. एका वेळी चोवीस नळ्या, चाळीस सेकंद, काम तमाम. पण वरच्या मंडळींना आधी लेखी तुलना हवी होती: जुनी हाताची पद्धत विरुद्ध यंत्र. मॅडमनी साठ जुने नमुने काढले, सगळ्यांत बुरशी आहे हे आधीच पक्कं ठाऊक असलेले. प्रत्येकाचा एक भाग यंत्रात, एक भाग बाईंच्या खलात. बाईंनी तीन आठवडे जिवाचं रान केलं. उजवा खांदा सुजला, रात्री शेकून सकाळी पुन्हा कामाला लागल्या. उत्तर आलं तेव्हा यंत्रानं साठातले अठ्ठेचाळीस पकडले होते आणि बाईंनी सत्तावन्न. नमुन्यांत आठ काळ्या बुरशीचे होते. बाईंना आठही सापडले. यंत्राला एक.

त्या कागद घेऊन हसतच मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. “दार लाव जरा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आत्या, हे तुझ्या हाताचं आहे. पद्धतीचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू दिवसाला आठ नमुने करतेस. आपल्याकडे आता रोज चाळीस येतात. तू निवृत्त झालीस की मी काय करू? तुझा हात कापून ठेवून घेऊ?”

त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनाही ते कळत होतं. “मग काळ्यांपुरतं तरी आधी तीनदा गोठवून घ्या, मॅडम, आणि मग घाला मण्यांत. फुटेल.”

“कंपनीनं ठरवून दिलेल्या क्रमात एक पायरी वाढवली की सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. सहा महिने जातील. आणि प्रयोगशाळेला मानांकन देणारी समिती तोंडावर आली आहे.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चष्मेवाल्यांना बोलावलं. चष्मेवाले रक्ततपासणी विभागातून नुकतेच बदलून आलेले तंत्रज्ञ, चाळिशी उलटलेले, भिडस्त. त्यांना तेच साठ नमुने खलायला दिले. “अहो, मला कुठे येतंय खलायला?” ते बाईंना म्हणाले. बाईंनी त्यांना मनापासून शिकवायचा प्रयत्न केला, पण हात काय दोन दिवसांत बसतो? चष्मेवाल्यांच्या खलात निम्म्या वेळा चिखल झाला. त्यांना पस्तीस सापडले.

अहवालात आकडा आला तो दोघांची सरासरी काढून. हाताची पद्धत: सेहेचाळीस. यंत्र: अठ्ठेचाळीस. खाली एक ओळ: ‘खलबत्त्याची पद्धत करणाऱ्यावर अवलंबून असून विश्वासार्ह नाही.’ आणि त्याखाली सह्यांसाठी जागा.

“यात खोटं काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“खोटं काही नाही,” बाई म्हणाल्या.

“मग कर ना सही.”

बाईंनी सही केली. घरी गेल्यावर बिट्टीनं स्वतः चहा करून आणला, खांद्याला मलम चोळून दिलं. बाईंना वाटलं, जाऊ दे, पोरीवर किती ताण आहे. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

खल कपाटात गेले. बाईंना नमुने स्वीकारायच्या खिडकीवर बसवलं. शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचं. लोक अजूनही बत्तेबाई म्हणत. नव्याने आलेल्यांना नावाचा अर्थ कळत नसे.

चार महिन्यांनी, एका सोमवारी, खिडकीवर एक नळी आली. नाकाच्या आतला तुकडा, हरभऱ्याच्या निम्म्याएवढा. चिठ्ठीवरचं नाव वाचून बाईंचा शिक्का हवेतच थांबला. सरांचं होतं.

वॉर्डातून निरोप कळला तो असा: सरांची साखर वर्षभर हाताबाहेर होती, पंधरा दिवस गाल दुखत होता, डोळ्याखाली सूज होती. बुरशी असावी म्हणून डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं, पण ते औषध मूत्रपिंडांवर फार जड, आणि सरांची मूत्रपिंडं आधीच कुरकुरत होती. तेव्हा औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे या तपासणीवर ठरणार होतं.

काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा स्पष्ट काही दिसलं नाही. यंत्रातून मंगळवारी अहवाल आला. बुरशी आढळली नाही. संध्याकाळी औषध बंद झालं.

बाई बुधवारी सकाळीच मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. “मॅडम, सरांच्या तुकड्यातला थोडा उरला आहे. मी खलून बघू?”

“कशासाठी? अहवाल गेला आहे.”

“काळी असली तर यंत्राला सापडत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.”

मॅडमनी मान वर केली. “बाई, आजपर्यंत यंत्रावर चार हजार अहवाल गेलेत. तुम्हाला एकदा वाटलं म्हणून मी एक नमुना हातानं केला, तर उद्या लोक विचारतील, बाकीचे का नाही केले?”

ती पहिल्यांदाच त्यांना ‘तुम्ही’ म्हणाली होती. बाई बाहेर आल्या. आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे वर कँटीनमध्ये गेल्यावर, त्यांनी कपाट उघडून खल काढला.

हात विसरला नव्हता. तीनदा गोठवलं, तीनदा कढत पाण्यात धरलं. नायट्रोजन चरचरला, शांत झाला. कुरकुर, सरसर, मग काही नाही. वीस फेरे, आणि सरांसाठी म्हणून आणखी दहा. पुढचं पीसीआरचं काम चष्मेवाल्यांनी न विचारता आपल्या नळ्यांबरोबर लावून दिलं. गुरुवारी दुपारी उत्तर आलं, अगदी ठळक. काळी बुरशी. बाईंनी तारीख, वेळ, केलेली प्रत्येक पायरी आणि निकाल आपल्या वहीत लिहिला, आणि वही उघडीच मॅडमसमोर ठेवली.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

“वॉर्डात फोन करा,” बाई म्हणाल्या. “औषध बंद होऊन दोन दिवस झाले.”

“उद्या समिती येते आहे. शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस.” मॅडमचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “आत्या, मी आज हे बाहेर काढलं तर सगळं बंद होईल. हे यंत्र, मानांकन, माझी जागा. चार हजार माणसांना पुन्हा बोलवावं लागेल. सोमवारी मी स्वतः नवीन तुकडा मागवते, रीतसर, आणि तुझ्या पद्धतीनंच करू. शपथ. सोमवारपर्यंत थांब.”

“सर आहेत गं ते.”

“मला माहीत नाही का? मला बुरशी दाखवली ती त्यांनीच. तीन दिवसांचा प्रश्न आहे. एवढ्यात काय होणार आहे?”

बाईंना एवढ्यात काय होतं ते चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्या तुकड्यांबरोबर आलेल्या चिठ्ठ्या वाचत होत्या. त्या खिडकीवर परत आल्या. टेबलावर फोन होता. वॉर्डाचा नंबर चार आकडी, तोंडपाठ. त्यांनी रिसीव्हर उचलला, दोन आकडे दाबले. काचेपलीकडे मॅडम खुर्चीत दोन्ही हातांत डोकं धरून बसलेली दिसत होती. गणित चुकलं की लहानपणी अशीच बसायची. बाईंनी रिसीव्हर ठेवून दिला.

शुक्रवारी समिती आली. शनिवारी समितीनं प्रयोगशाळेची पाठ थोपटली. रविवारी दिवसभर बाईंनी घरातले डबे घासले, जे घासायची गरज नव्हती तेसुद्धा.

सोमवारी सकाळी मॅडमनी खरोखरच वॉर्डात फोन केला. पण त्याआधीच, पहाटे, सरांना शस्त्रक्रियेला नेलं होतं. रविवारी त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली होती. सर्जननी काढलेला तुकडा एवढा मोठा आणि एवढा काळा होता की तपासायची गरजच नव्हती. डोळा काढावा लागला, वरच्या जबड्याचा उजवा भाग काढावा लागला. जीव वाचला.

वॉर्डातले डॉक्टर गप्प बसणारे नव्हते. पहिला अहवाल ‘आढळली नाही’ असा कसा आला, याची त्यांनी लेखी विचारणा केली. चौकशीला तीन जण नेमले.

त्या आठवड्यात घरी कुणी धड बोलत नव्हतं. एके संध्याकाळी जेवता जेवता दादा म्हणाला, “घरातली गोष्ट आहे. चव्हाट्यावर येऊ नये एवढंच मला वाटतं.” तो ताटाकडे बघून बोलत होता. बिट्टीनं पाण्याचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “आत्या, तुझी वही खिडकीवरच असते का गं?”

एवढंच. पान फाड असं ती म्हणाली नाही. आजवर काही हवं असलं तर तिला ते आत्याला तोंडानं सांगावं लागलंच नव्हतं.

बाईंनी ते पान फाडलं. पान फाटल्याचं दिसू नये म्हणून शिवणीपलीकडचं जोडपानही काढलं. त्यावर दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी नखाची नोंद होती.

चौकशीत त्यांना एकच महत्त्वाचा प्रश्न आला. “उरलेल्या तुकड्यावर आणखी कुठली तपासणी झाली होती का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“तुकडा किती उरला होता?”

“काहीच नाही. आलाच होता अगदी थोडा.”

चष्मेवाल्यांनीही कानांवर हात ठेवले. निष्कर्ष निघाला: नमुना अपुरा होता, प्रयोगशाळेचा दोष नाही. बिट्टी त्या दिवशी घरी आली आणि आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. आपलंच लेकरू असं त्यांच्या मनात नेहमी यायचं, ते त्या दिवशी आलं नाही. हात नुसता सवयीनं फिरत होता.

सहा महिन्यांनी मॅडमनी क्रमात एक पायरी वाढवली. संशयित काळ्या बुरशीसाठी आधी तीनदा गोठवणं, तीनदा कढत पाण्यात धरणं, मग काचेची पूड आणि मणी. यंत्राला आता काळीही सापडू लागली. त्यावर एक लेख छापून आला, मॅडमचं आणि चष्मेवाल्यांचं नाव घालून. जुन्या चार हजारांना कुणी परत बोलावलं नाही. त्यात काळ्या किती होत्या, कुणास ठाऊक.

सरांना घरी सोडल्याचं कळून बरेच दिवस झाले तरी बाईंचे पाय तिकडे वळत नव्हते. शेवटी वहिनींचाच, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. “बाई, हे तुमची सारखी आठवण काढतात. या ना एकदा.”

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, गाल आत गेलेला. टाळूला प्लास्टिकची झडप बसवली होती, त्यामुळे आवाज नाकातून यायचा. समजायला वेळ लागायचा, पण बोलायची हौस तीच.

“बसा, बाई. घाबरू नका, अर्धा चेहरा अजून माझाच आहे.”

बाई बसल्या. पदर चोळत राहिल्या.

“मी चौकशीचा अहवाल मागवून वाचला,” सर म्हणाले. “‘नमुना अपुरा.’ हं! तुम्ही किती कमी तुकड्यांतून काढून दाखवलंय ते मी पाहिलं आहे. मला एकच सांगा. तुम्ही खलून पाहिला होतात का?”

वहिनी चहाचा कप पुढे करत होत्या. बाईंनी कप घेतला, खाली ठेवला.

“नाही, सर.”

सरांनी मान हलवली. एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचा उरलेला अर्धा चेहरा हसला. “मला वाटलंच. तुम्ही पाहिला असता तर सापडली असती. तुम्हाला करूच दिलं नसणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमचा यात काय दोष?”

बाईंना वाटलं, आता बोलावं. आत्ता नाही बोलले तर कधीच नाही. पण वहिनी म्हणत होत्या, “साखर पुरेशी आहे ना हो?” बाई म्हणाल्या, “आहे.”

उरलेला डोळा वाचून दुखतो, आठवड्यातून एकदा येऊन वाचून दाखवाल का, असं सरांनी विचारलं. नाही कसं म्हणणार? बाई तीन रविवार गेल्या. तिसऱ्या रविवारी सरांनी नव्या नियतकालिकातला एक लेख काढून दिला. त्यावरची नावं बाईंनी मनातच वाचली आणि पुढचं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तीनदा गोठवणे. तीनदा कढत पाण्यात. काचेची पूड.

“थांबा,” सर म्हणाले. “ही तर तुमची पद्धत! मी लिहून ठेवली होती. तुमचं नाव कुठे आहे?”

“नाही, सर.”

“नाही म्हणजे? मी आजच संपादकाला पत्र लिहितो. माझ्याकडे पान आहे, तारखेसकट.”

“नको, सर.” बाईंनी हात जोडले. “पाया पडते, नको.”

सरांनी बाईंच्या हातातला लेख घेऊन मिटला. मग म्हणाले, “पोरीसाठी ना? तुमच्याएवढं मोठं मन मी तरी कुणाचं पाहिलं नाही, बाई.”

त्यानंतर बाई तिथे गेल्या नाहीत. वहिनींचे दोन फोन आले. एकदा खांदा दुखतो म्हणून सांगितलं, एकदा काहीच सांगितलं नाही. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली. मॅडमनी अर्ज अडवून धरला, दोन महिने थांबून चष्मेवाल्यांना नीट तयार करायला सांगितलं. बाईंनी केलं. चष्मेवाल्यांचा हात शेवटी बसला.

मग त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली पाहिली. दादा चिडला. “या वयात भाड्याच्या खोलीत? लोक काय म्हणतील? आम्ही हाकललं म्हणतील!” बाईंनी वाद घातला नाही. सामान म्हणजे दोन पेट्या, एक खाट, शेगडी. बिट्टीनं सुट्टी काढली, स्वतः पेट्या उचलल्या, शेगडीची नळी जोडून दिली, खिडकीला पडदा लावला. काम संपलं तशी ती पदराला हात पुसत उभी राहिली.

“माझ्यामुळे जातेस ना?”

“नाही गं.”

“मग राग तरी कर माझ्यावर. भांड. नुसती गप्प बसतेस ते मला सहन होत नाही.”

बाई खाटेवर बसल्या. “राग असता तर बरं झालं असतं, बिट्टे. भांडून मोकळी झाले असते. तू थांब म्हणालीस, पण फोन माझ्या हातात होता. दोन आकडे दाबायचे राहिले होते. तू समोर असलीस की मला तेच आठवतं, घास उतरत नाही.”

बिट्टीनं पर्स उचलली. “येत्या रविवारी येऊ?”

“ये. चहा घेऊन जा.”

ती जिन्यावरून खाली उतरली. बाईंनी तिच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. मग उठून त्या भांडी लावायला लागल्या.